सरहद्दीचे चर्मसाहित्य, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या सरहद्दीवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शिकारी झोळ्या, गोळ्यांच्या पिशव्या, सुऱ्यांची म्याने, पट्टे, मोकॅसिन ही पादत्राणे, खोगिरावरील थैल्या इ. चामडी वस्तू वापरात होत्या. या वस्तूंना, तसेच जुनी हत्यारे व जुन्या रीती वापरून हाताने तयार करण्यात येणाऱ्या त्यांच्या आधुनिक प्रतिकृतींना ही संज्ञा लावली जाते. बंदूक, कुऱ्हाड व घोडा यांच्याइतकेच हे साहित्य सरहद्दीवरील माणसाला आवश्यक होते. परंतु ते नाशवंत असल्याने आणि वापरून झिजल्यावर टाकून देण्यात येत असल्याने त्याचा इतिहास बंदुकीच्या इतिहासासारखा सलग सांगता येत नाही. प्रतिकृती घडविणाऱ्या कारागिराला म्हणूनच मोजक्या पुराव्यावरून बराच भाग अनुमानाने भरून काढावा लागतो. या अनुमानाची मर्यादा कोठवर असावी, हाच या हस्तव्यवसायातील मुख्य प्रश्न होय.

सरहद्द ही एक स्थिर रेषा नव्हती. अठराव्या शतकात ती ॲपालॅचिअन पर्वताच्या पायथ्याशी होती, तर १८२५ च्या सुमारास फासेपारधी रॉकी पर्वतापर्यंत पोहोचले होते. १८९० च्या जनगणनेनंतर अशी रेषा आता दाखविता येत नाही, असे जाहीर करण्यात आले आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकन समाजाची घडण सरहद्दीवर झाली, हा आपला गाजलेला सिद्धांत मांडला. टर्नरच्या प्रतिपादनात मूळ रहिवाशांचे स्थान गौण होते, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आहे. चर्मसाहित्याच्या बाबतीत ही टीका विशेष पटते. कारण सरहद्दीवरील गोऱ्या शिकाऱ्याच्या अंगावरील अर्धेअधिक कातडे कमावण्याची विद्या मूळ अमेरिकन जमातींकडून, आणि त्यातही त्यांच्या स्त्रियांकडून आलेली होती.

कातड्यांचा व्यापार : वसाहतींच्या दक्षिण भागात हरणाचे कातडे हा निर्यातीचा एक प्रमुख माल होता. चार्ल्सटाउन (आताचे चार्ल्स्टन) या एकाच बंदरातून १६९९–१७१५ या काळात दरवर्षी सरासरी सु. ५४,००० कातडी इंग्लंडला जात. त्यांपासून तेथे विजारी, हातमोजे व पुस्तकांच्या बांधणीचे चामडे तयार होई. चेरोकी, क्रीक इ. जमातींचे लोक शिकार करीत, कातडी अर्धवट कमावून व्यापाऱ्यांना देत आणि मोबदल्यात बंदुका, दारूगोळा, कापड व भांडी घेत. कातडे हेच चलन झाले होते. १७४८ मध्ये ओहायओच्या खोऱ्यात वाटाघाटींसाठी गेलेल्या कॉनराड वायझर याच्या रोजनिशीत मद्याच्या पिंपाची किंमत हरणाच्या कातड्यांत नमूद केलेली आढळते. डॉलरला बोलीभाषेत ‘बक’ म्हणजे नर हरीण म्हणण्याची प्रथा यातूनच पडली, असे सामान्यतः मानले जाते.

महिनोन् महिने रानात राहून शिकार करणारे ‘लाँग हंटर’ म्हणजे दीर्घकाळचे शिकारी याच व्यापारासाठी डोंगरापलीकडे जात. डॅन्येल बून १७६९ मध्ये केंटकीत शिरला, तो प्रथम कातड्यांसाठीच. त्या वर्षाच्या डिसेंबरात शॉनी जमातीच्या लोकांनी त्याला पकडून त्याची सर्व कातडी काढून घेतली. त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या शिकारभूमीतील चोरच होता. पुढील काळातील चरित्रकारांनी बूनला वसाहतीचा अग्रदूत म्हणून रंगविले. त्याचा हा कातड्यांचा धंदा मात्र त्या चित्रात मागे पडला.

कमावण्याच्या दोन रीती : सरहद्दीवर दोन चर्मपरंपरा एकत्र आल्या. पहिली युरोपीय, तीत झाडाच्या सालीतील टॅनिनाने कातडे कमावीत. जोसेफ डॉड्रिज या धर्मोपदेशकाने पश्चिम व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनिया येथील आपल्या बालपणाच्या आठवणी १८२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांवरून दिसते की, तेथे प्रत्येक कुटुंब आपले चामडे स्वतःच कमावीत असे. लाकडाची मोठी डोणी काठापर्यंत जमिनीत पुरून तिचा कुंड म्हणून उपयोग करीत. वसंतात जंगलतोड करताना मिळालेली साल वाळवून ठेवीत व पावसाच्या दिवसांत ती कुऱ्हाडीने अगर मोगरीने ठेचीत. केस काढण्यासाठी चुन्याऐवजी राख, माशाच्या तेलाऐवजी अस्वलाची किंवा डुकराची चरबी आणि काळ्या रंगासाठी काजळी व चरबी वापरीत. असे चामडे ओबडधोबड, पण टिकाऊ होई. बाभळीची साल व हिरडा वापरून कोल्हापुरी वहाणेचे चामडे कमावणाऱ्या महाराष्ट्रातील ढोर कारागिरांची रीत तत्त्वतः हीच होय. टॅनिनयुक्त चामड्यावर लोखंडाचे खिळे भिजविलेला शिरका लावला असता ते काळे पडते. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करणाऱ्यांना ही रासायनिक क्रिया परिचित आहे.

दुसरी रीत मूळ अमेरिकन जमातींची. तीत हरणाचे कातडे पाण्यात भिजवून त्यावरील केस व केसांखालचा चिवट थर हाडाच्या किंवा लोखंडाच्या तासणीने खरवडून काढीत. मग जनावराचा मेंदू पाण्यात कालवून ते मिश्रण कातड्यात मुरवीत. मेंदूतील स्निग्ध द्रव्ये तंतूंमध्ये शिरतात व वाळताना तंतू एकमेकांस चिकटत नाहीत. मात्र त्यासाठी कातडे पूर्ण सुकेपर्यंत ताणत व चोळत राहावे लागते. क्षणभर हात थांबला, तर तेवढा भाग ताठर होतो. शेवटी कुजक्या लाकडाचा धूर देत. धुरातील अल्डिहाइडांमुळे कातड्याची घडण पक्की होते आणि ते भिजून वाळले तरी पुन्हा मऊ राहते; त्याचा पिवळसर तपकिरी रंगही या धुराचाच. प्रत्येक जनावराला स्वतःचे कातडे कमावण्यापुरता मेंदू असतो, असे तिकडे विनोदाने म्हटले जाते. बहुतेक जमातींत हे कष्टाचे काम स्त्रियांकडे असे. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांत कातडे आणणाऱ्या पुरुषाचे नाव लिहिले जाई. कमावणारीचे नाव क्वचितच आढळते.

शिकारी झोळी : सरहद्दीच्या चर्मसाहित्यात सर्वांत जास्त अभ्यास झालेली व प्रतिकृतिकारांची सर्वांत आवडती वस्तू म्हणजे ठासणीच्या बंदुकीबरोबर बाळगावयाची झोळी होय. मराठी वाचकाने तोसदानाचे एक साधे, नागरी रूप डोळ्यांपुढे आणावे. ही झोळी साधारणतः वीतभर रुंद व तेवढीच किंवा थोडी कमी उंच असे. डाव्या खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याने ती उजव्या काखेखाली, बरगड्यांना लागून टांगीत. आधुनिक कारागीर पुष्कळदा ती फार मोठी करतात. रानात धावणाऱ्या माणसाच्या अंगावर मोठी झोळी हेलकावे खाते व तिच्यातील वस्तू एकमेकींवर आदळून आवाज करतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आत शिशाच्या गोळ्या, गोळीभोवती गुंडाळावयाच्या कापडाच्या चकत्या, चकमकीचे राखीव तुकडे, बंदुकीच्या कानातील काजळी काढावयाची तार, नळी पुसण्यासाठी जवसाच्या वाखाचा पुंजका, गजाला लावावयाचा मळसूत्री आकडा व पेचकस एवढ्याच वस्तू असत. दारू गाईबैलाच्या पोकळ शिंगात ठेवीत. हे शिंगडे झोळीच्याच किंवा स्वतंत्र पट्ट्याला अडकविलेले असे. रंजकासाठी काहीजण आणखी एक लहान शिंगडे बाळगीत. बाकीचे सामान शिकारी सदऱ्यात जाई. समोरून उघडा, पदर एकमेकांवर घेऊन कमरेला बांधावयाचा हा सदरा छातीशी एवढा सैल असे की, भाकरी, सुके मांस व वाख त्यातच मावत, असे डॉड्रिज सांगतो.

याच लेखकाने एक रूढ समज सहज दूर केला आहे. चित्रपटांतील सरहद्दवासी नखशिखांत झालरीच्या कातडी पोशाखात दिसतो; परंतु डॉड्रिजच्या मते सदरे बहुधा जवसाचे सूत व लोकर यांच्या मिश्र कापडाचे अगर जाड्याभरड्या लिननचे असत. कातड्याचे थोडेच असत आणि ते पावसात अंगाला अतिशय थंड व त्रासदायक होत. १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याला शिकारी सदरे वापरण्याची शिफारस केली, तीही कापडी सदऱ्यांचीच. मोकॅसिन मात्र कातड्याचेच असत. एका तुकड्यातून कापून पावलाच्या वरच्या बाजूस व टाचेमागे शिवण घातली की ते तयार होत. थंडीत त्यांत हरणाचे केस किंवा वाळलेला पाला भरीत. पाण्यात ते स्पंजासारखे भिजत व पाय सदैव ओले राहत. अनेक शिकाऱ्यांना जडलेल्या संधिवाताचे कारण डॉड्रिजने हेच दिले आहे.

शिवण : झोळीचे पुढचे व मागचे पान आणि झाकण हे तीन तुकडे वासराच्या, डुकराच्या अगर मेंढीच्या पातळ चामड्यातून कापीत. दोन पानांच्या मध्ये चामड्याची बारीक पट्टी घालून उलट्या बाजूने शिवीत आणि मग झोळी ओली करून उलटवीत. त्यामुळे धागा आत राहून घासला जात नसे. खोगीरकाराचा टाका दुहेरी असतो. मधमाशांचे मेण चोळलेल्या लिननच्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात. काही ठिकाणी सुईऐवजी डुकराचा राठ केस वापरीत. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी ओढतात. एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा धागा केवळ एकमेकांत अडकलेले असल्यामुळे हा गुण नसतो. आरीचे पाते पत्त्यांतील चौकटच्या आकाराचे असते व ते तिरके धरून टोचतात, म्हणजे दोन छिद्रांमधील चामडे फाटत नाही. चांगल्या जुन्या कामात दर इंचास आठ ते दहा टाके आढळतात. सरहद्दीवरील सर्व काम अडाण्याने केलेले असे, या समजुतीपायी मुद्दाम वेडेवाकडे टाके घालणाऱ्या आजच्या कारागिरांनी हे पाहण्यासारखे आहे. झोळ्या करणाऱ्यांत शिकून तयार झालेले खोगीरकार व चांभारही होते. जुन्या बुटाच्या चामड्यातून घरीच बेतलेल्या झोळ्याही होत्या.

सुईच्या निवडीला किती महत्त्व असते, याचे एक उदाहरण लूइस व क्लार्क यांच्या मोहिमेत (१८०४–०६) मिळते. मेरिवेदर लूइसने हार्पर्स फेरी येथे लोखंडी सांगाडा करवून घेतला होता. त्यावर कातडी ताणून सु. ११ मी. लांबीची नाव करावयाची अशी त्याची कल्पना होती. मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशी १८०५ च्या उन्हाळ्यात एल्क हरणाची २८ व गव्याची ४ कातडी शिवून हा सांगाडा मढविण्यात आला. शिवणी बुजविण्यास डांबर किंवा राळ मिळाली नाही म्हणून कोळशाची पूड, मेण व चरबी यांचा लेप दिला. ९ जुलै रोजी नाव पाण्यात सोडली. प्रथम ती उत्तम तरंगली, पण संध्याकाळपर्यंत लेप सुटून शिवणी गळू लागल्या. धारदार कडांच्या सुईने कातडे कापले गेले. केवळ टोकदार सुई वापरली असती, तर वाळताना शिवणी अशा उघडल्या नसत्या, अशी नोंद लूइसने आपल्या रोजनिशीत केली. नाव तेथेच मोडून टाकावी लागली. त्याच मोहिमेतील मंडळींनी पुढील हिवाळ्यात पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसप येथे परतीच्या प्रवासासाठी मोकॅसिनचे ३३८ जोड शिवले, असे पॅट्रिक गॅसने नमूद केले आहे. मोहिमेतील माणसे तीस-बत्तीसच होती, हे लक्षात घेता हे पादत्राण किती लवकर झिजत असे, याची कल्पना येते.

पश्चिमेकडील प्रकार : मिसिसिपीपलीकडे गवा हे मुख्य जनावर होते. तेथील जमातींच्या स्त्रिया न कमावलेल्या कातड्याच्या, लिफाफ्यासारख्या घडीच्या ‘पारफ्लेश’ नावाच्या पेट्या करून त्यांवर भौमितिक आकृती रंगवीत. सुके मांस व चरबी यांचे मिश्रण म्हणजे पेमिकन, हे गव्याच्या कातड्याच्या पिशव्यांत भरीत. अशी एक पिशवी सु. ४० किग्रॅ. भरे. आपल्याकडील पखाल व तुपाचे बुधले यांच्याच जातीची ही वस्तू होय. बीव्हर पकडणाऱ्या फासेपाऱ्यांचे वार्षिक मेळावे १८२५–४० या काळात भरत. प्रतिकृतिकारांच्या आवडीचा हा दुसरा काळ. घोड्याच्या साजावर स्पॅनिश-मेक्सिकन परंपरेची छाप होती. १८६०–६१ मध्ये चाललेल्या ‘पोनी एक्सप्रेस’ या घोडटपालात खोगिरावर टाकावयाची ‘मोचिला’ ही चामडी झूल वापरीत. तिला चार खिसे असत व ठाण्यावर घोडा बदलताना ती क्षणात उचलून नव्या घोड्यावर टाकता येई. गव्याच्या कातड्याचे यंत्राचे पट्टे करण्याजोगे चामडे बनविण्याची रीत १८७० च्या सुमारास साधल्यावर मात्र या जनावराची कत्तल सुरू झाली आणि १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडेने केलेल्या गणनेत उत्तर अमेरिकेत सु. १,१०० गवेच उरलेले आढळले.

पुराव्याचे स्वरूप : आज संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत असलेल्या शिकारी झोळ्यांपैकी बहुतेक एकोणिसाव्या शतकातील आहेत. अठराव्या शतकातील म्हणून निश्चित सांगता येतील अशा अगदी थोड्या आहेत. मॅडिसन ग्रँट यांनी १९७७ मध्ये केंटकी रायफलीच्या झोळ्यांवर प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथामुळे या वस्तूंकडे संग्राहकांचे लक्ष वळले. पण झोळीवर साल किंवा नाव नसल्याने तिचा काळ तिच्याबरोबर सापडलेल्या शिंगड्यावरून वा घराण्यातील आठवणीवरून ठरविला जातो, आणि झोळी व शिंगडे पुढे कधीतरी एकत्र बांधलेले असण्याचाही संभव असतो. म्हणून चित्रे, मृतांच्या मालमत्तेच्या याद्या, पळालेल्या नोकरांच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती व उत्खनने यांचा आधार घ्यावा लागतो. चित्रकार बेंजामिन वेस्टने आपल्या चित्रशाळेत मूळ अमेरिकनांच्या वस्तूंचा संग्रह केला होता. त्यातील काही वस्तू ब्रिटिश म्यूझीयममध्ये असल्याने त्याच्या चित्रांतील थैल्या व पट्टे प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहता येतात. ॲल्फ्रेड जेकब मिलरने १८३७ चा फासेपाऱ्यांचा मेळावा स्वतः पाहून रंगविला. पेनसिल्व्हेनियातील फोर्ट लिगोनिअर येथील दलदलीच्या मातीत १७५८–६६ या काळातील जोडे व चामड्याचे तुकडे टिकून राहिले. १८५६ मध्ये मिसूरी नदीत बुडालेली ‘अरेबिया’ ही आगबोट १९८८ मध्ये एका शेताखालून खणून काढण्यात आली. तिच्यातील चामडे, लोकर व रेशीम चांगले राहिले होते, परंतु सुती धागे कुजून गेले होते. चामडे टिकते आणि शिवण नाहीशी होते, हा या विषयातील नेहमीचा अनुभव आहे. आणि कारागिराला नेमकी शिवणच हवी असते.

पुनर्निर्मितीची चळवळ : सरहद्दवासीयाची प्रतिमा प्रथम साहित्याने घडविली. जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘लेदरस्टॉकिंग’ कादंबऱ्या १८२३–४१ या काळात प्रसिद्ध झाल्या. बफेलो बिल कोडीने १८८३ मध्ये आपला खेळ सुरू केला आणि १९५४-५५ मध्ये डिझ्नीच्या दूरचित्रवाणी मालिकेने डेव्ही क्रॉकेटची रॅकूनच्या कातड्याची टोपी घराघरांत नेली. याला समांतर असा अधिक शांत प्रवाह होता तो जुन्या हत्यारांच्या अभ्यासकांचा. ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. नेब्रॅस्का राज्यातील चॅड्रन येथे चर्मव्यापाराचे संग्रहालय १९५५ मध्ये सुरू झाले. विल्यम्सबर्ग येथील जतन केलेल्या वसाहतकालीन नगरात वॉलेस गस्लर यांनी १९६० नंतरच्या दशकात अठराव्या शतकातील हत्यारांनी व रीतीने संपूर्ण रायफल घडविली व त्यावरील अनुबोधपट १९६९ मध्ये निघाला. ‘अमेरिकन माउंटन मेन’ ही संघटना १९६८ ची. १८४० पूर्वीचे जीवन जुन्या साहित्यानिशी प्रत्यक्ष जगून पाहणे हे तिचे उद्दिष्ट. जॉर्जिया राज्यातील शाळकरी मुलांनी वृद्धांच्या मुलाखतींतून चालविलेल्या ‘फॉक्सफायर’ या उपक्रमाच्या तिसऱ्या खंडात (१९७५) कातडी कमावण्याची घरगुती रीत नोंदली गेली. १९७६ च्या स्वातंत्र्यद्विशताब्दीने या सर्वांना मोठी गिऱ्हाइकी मिळवून दिली.

या हौसेतून काही खरे ज्ञान हाती आले आहे. मेंदूने कातडे कमावताना ते किती वेळ ताणावे लागते, धूर कमी पडला तर काय होते, शिंगड्याचा पट्टा किती लांब असला म्हणजे वाकताना ते पुढे येत नाही, हे कागदपत्रांत लिहिलेले नसते. ते करून पाहणाऱ्यालाच कळते. उलट, अनेक चुकाही याच हौसेने रूढ केल्या. झोळीवर जागोजाग मणी, हाडे व नखे लावणे, सर्वत्र झालरी सोडणे आणि अठराव्या शतकातील पूर्वेकडचा सदरा व १८३० मधील रॉकी पर्वतातील पट्टा एकाच अंगावर घालणे हे प्रकार मेळाव्यांतून एकाचे पाहून दुसऱ्याने उचलले.

प्रतिकृती व बनावट : याहून गंभीर बाब म्हणजे नव्या वस्तूला जुनेपणा आणणे. झोळी घासून, भिजवून, धुराखाली टांगून व काजळी-तेल चोळून दोनशे वर्षांची दिसू शकते. कारागीर ती प्रतिकृती म्हणूनच विकतो. पण दोन-तीन हात बदलले की ती ‘जुनी’ म्हणून लिलावात येते. मग तिचे छायाचित्र पुस्तकात छापले जाते व पुढचा कारागीर त्या छायाचित्रावरून नवी झोळी करतो. अशा रीतीने एखाद्याची कल्पना दुसऱ्याचा पुरावा बनते. तपासाची काही साधने आहेत. क्रोम क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या कापलेल्या कडेत बहुधा निळसर झाक दिसते. ऑगस्टस शुल्ट्झने या रीतीचे एकस्व १८८४ मध्ये घेतले, तेव्हा असे चामडे त्याआधीचे असू शकत नाही. कृत्रिम धागे व चकाकी आणणारी द्रव्ये लावलेले कापड जंबुपार प्रकाशात उजळते. झीजही पाहावी लागते; खरी झीज पट्ट्याच्या घडीवर, झाकणाच्या कडेवर व बरगड्यांना लागणाऱ्या मागच्या पानावर होते, तर खोटी सगळीकडे सारखी पसरलेली असते. परंतु सालीने कमावलेले चामडे, लिननचा धागा व मधमाशांचे मेण वापरणाऱ्या निष्णात कारागिराच्या कामापुढे ही साधने अपुरी पडतात. म्हणून झोळीच्या आतील बाजूस, झाकणाखाली किंवा पट्ट्याच्या टोकाला आपले चिन्ह व साल चामड्यातच ठसविण्याची शिस्त जबाबदार कारागीर पाळतात. शाईने लिहिलेले नाव पुसता येते. ठसा काढावयाचा तर तेवढे चामडेच कापावे लागते आणि कापल्याची खूण राहते.

साळिंदराच्या काट्यांचे भरतकाम, मणिकाम व धुरी दिलेले कातडे यांच्या बाबतीत प्रश्न केवळ काळाचा नसून कर्त्याचाही आहे. सरोवरप्रदेशातील अनिशिनाबे स्त्रियांनी केलेल्या, मण्यांनी भरलेल्या रुंद पट्ट्यांच्या थैल्या अथवा मैदानी जमातींचे काटेकाम ही जिवंत परंपरा आहे आणि तिच्यावर पोट भरणारी कुटुंबे आहेत. जमातीबाहेरच्या व्यक्तीने केलेली वस्तू मूळ अमेरिकन कारागिरीची म्हणून विकण्यास अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदी आहे. १९३५ च्या कायद्याने यासाठी मंडळ नेमले गेले आणि १९९० च्या कायद्याने शिक्षा कडक करण्यात आल्या. गरुडाची पिसे व नखे वापरण्यावर १९४० च्या कायद्याने निर्बंध आहेत; जमातींच्या धार्मिक उपयोगासाठी परवान्याची तरतूद आहे. त्यामुळे जुन्या थैलीला मूळचे गरुडनख असले, तरी तिच्या प्रतिकृतीत कारागीर टर्कीचे नख किंवा कोरीव शिंग बसवितात व तशी नोंद वस्तूबरोबर देतात.